समासातली टेगन

नेरिडा हिंग्स्टन विन्यर्ड गावातल्या दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची. आलेले फोन घ्यायचे, घाबरलेल्यांना धीर द्यायचा, रडणाऱ्या मुलांच्या हातावर कांगारूचं चित्र चिकटवायचं, असं तिचं काम. अर्ध्या गावाचे दात तिला तोंडपाठ होते. पण दुपारी घरी येऊन चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली की ती जे करायची, ते तिचा नवरा रसेल सोडला तर गावात कुणालाच माहीत नव्हतं.

फार वर्षांपूर्वी टीव्हीवर ‘बारावी गोदी’ नावाची एक मालिका लागायची. अवकाशातली एक मोडकळीला आलेली गोदी, तिथे अडकलेली सहा माणसं, त्यांचा कर्णधार आयव्हर, टॅम्सिन आणि आणखी चौघं. दोन वर्षं चालली आणि मध्येच बंद पडली. कुणाचं काय झालं ते कळलंच नाही. बाकीचे लोक विसरून गेले, पण काही जणांच्या डोक्यातून ती माणसं गेली नाहीत. ते स्वतःच पुढच्या गोष्टी लिहायला लागले आणि इंटरनेटवर एका जागी टाकायला लागले. पैसा नाही, नाव नाही. लिहिणाऱ्याचं टोपणनाव आणि खाली वाचणाऱ्यांची दाद, एवढाच सगळा व्यवहार.

नेरिडा लिहीत नसे. ती तपासायची. गोष्ट लोकांसमोर जाण्याआधी कुणीतरी वाचावी लागते. कुठे काळ बदलला, कुठे निळे डोळे पुढच्या पानावर राखाडी झाले, कुठे बोलणाऱ्याच्या तोंडचं अवतरण बंद करायचंच राहिलं, हे सगळं तिच्या नजरेत पटकन भरायचं. पुस्तकाच्या छापखान्यात जे काम पगार देऊन करून घेतात, तेच ती हौसेनं, फुकट आणि गुपचूप करायची.

टेगनशी तिची ओळख झाली ती अशीच. टोपणनाव ‘काळी करावाँग’. पश्चिम किनाऱ्याच्या झाडांवर ओरडत बसणाऱ्या त्या पक्ष्याचं. तिची पहिली गोष्ट वाचताना नेरिडाला हसावं की रडावं कळेना. गोष्ट अशी, की चहा थंड होऊन गेला. आणि कॉमे असे, जणू कुणी चिप्सवर मीठ उधळावं. नेरिडानं धीर करून लिहिलं, “तुझी गोष्ट फार आवडली. कॉमे जरा कमी केलेस तर वाचणाऱ्याला श्वास घेता येईल.”

उत्तर आलं, “श्वास घ्यायलाच तर कॉमे घातलेत. तू कोण? कॉमाकाकू?”

त्या दिवसापासून नेरिडा कॉमाकाकू झाली ती कायमची.

दोघींचं काम एकाच कागदावर चालायचं. कागद म्हणजे इंटरनेटवरचा, दोघींना आपापल्या घरून एकाच वेळी उघडता येईल असा. मधे टेगनचा मजकूर आणि उजवीकडच्या समासात नेरिडाचे शेरे. त्या शेऱ्यांखाली टेगन उत्तर द्यायची, त्याखाली नेरिडा पुन्हा. चूक दुरुस्त झाली की शेऱ्याच्या कोपऱ्यातल्या बरोबरच्या खुणेवर बोट दाबायचं, की तो शेरा समासातून नाहीसा. दुसरी कुणी त्या वेळी कागदावर असली, तर तिच्या नावाची बारीक रंगीत पताका मजकुरात उभी दिसायची. टेगनची गुलाबी होती.

नेरिडा लिहायची, “कर्णधाराच्या एका हातात दार आहे, दुसऱ्या हातात दिवा. मग टॅम्सिनच्या खांद्यावर हात कुणाचा?”

“तिसरा हात राखीव असतो. गोदीचा नियम आहे.”

“टेगन.”

“बरं बाई, दिवा खाली ठेवते. पण विझला तर तुझ्या डोक्यावर.”

अशी नऊ वर्षं गेली. त्या समासात त्यांनी काय काय बोलून घेतलं. नेरिडाचं गुडघ्याचं ऑपरेशन, टेगनचा मोडलेला साखरपुडा, रसेलनं पकडलेला मासा आणि त्यानं सांगितलेला मासा यातला फरक. टेगन क्वीन्सटाऊनला राहायची, तिथल्या औषधाच्या दुकानात कामाला होती. विन्यर्डहून सकाळी निघालं तर जेवायच्या आत पोहोचावं, एवढंच अंतर. पण दोघी एकदाही भेटल्या नाहीत. दर उन्हाळ्यात ठरायचं आणि दर उन्हाळ्यात राहून जायचं, आणि खरं म्हणजे दोघींनाही तेच बरं वाटायचं. फोनसुद्धा कधी केला नाही. नेरिडाच्या मनात टेगनला एक आवाज होता. खर्जातला, संथ, किंचित घोगरा. शेरे वाचताना तोच आवाज कानात बोलायचा. तो कुठून आला हे तिनं स्वतःला कधी विचारलं नाही.

त्या जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, टेगनची उत्तरं यायची थांबली. तिच्या लांबलेल्या गोष्टीच्या एकतिसाव्या भागाचा कच्चा मजकूर तिनं पाठवला होता, नेरिडाचे शेरे लिहून झाले होते, निम्म्यांना टेगननं उत्तरंही दिली होती. मग काहीच नाही. ताप आला असेल, नेट गेलं असेल, असं नेरिडा धरून चालली. एका सकाळी दवाखान्यात रुग्णांसाठी ठेवलेला पेपर ती नीट लावत होती. त्यात शेवटून दुसऱ्या पानावर चार ओळी होत्या. टेगन डॉहर्टी, क्वीन्सटाऊन. रस्त्यावरच्या बर्फानं गाडी घसरून अपघाती निधन. क्लॅरीची एकुलती एक लेक. अंत्यविधी होऊन गेला आहे.

संध्याकाळी रसेल म्हणाला, “आधी कळलं असतं तर गेली असतीस.”

“कोण म्हणून गेले असते?”

“मैत्रीण म्हणून.”

“तिचा चेहरासुद्धा मला माहीत नाही, रस. चर्चमध्ये कुणाला विचारलं असतं, यातली टेगन कुठली?” आणि आपण काय बोललो हे ध्यानात येऊन ती मोरीशी जाऊन उभी राहिली.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. वाचकांनाही नाही. तिसाव्या भागाखाली त्यांची विचारणा वाढत चालली होती. पुढचं कधी? टॅम्सिनला असं बाहेर लटकत ठेवून कुठे गेलीस? आणि एकानं गमतीनं लिहिलं, “करावाँग, जिवंत आहेस ना?” ते वाचलं त्या दिवशी नेरिडानं ठरवलं की एकतिसावा भाग जसा आहे तसा, पण नीट करून, लोकांपर्यंत पोहोचवायचा. टाकायचं काम नाही तरी तीच करायची. टेगननं तिच्या खात्याची किल्ली कधीच तिला देऊन ठेवली होती. “मला ती अक्षरं तिरकी-बिरकी करायचा कंटाळा येतो,” म्हणाली होती.

ऑगस्टमधल्या एका दुपारी नेरिडानं तो कागद पुन्हा उघडला. मजकूर होता तसाच होता. शेवटी कर्णधार आयव्हर दाराशी उभा आहे, बाहेरच्या काळोखात दोर तुटलेली टॅम्सिन, आणि शेवटचं वाक्य, ‘त्यानं दार उघडलं, आणि’. बस्स. पुढे टेगनच्या स्वभावाला शोभेल असा एक कॉमा.

नेरिडा कामाला लागली. एकेक शेरा वाचायचा, टेगननं म्हटल्याप्रमाणे दुरुस्ती करायची, खूण दाबायची. शेरा गेला की समासात तेवढी पांढरी जागा. तिला बरं वाटलं. हाताला ओळखीचं काम मिळालं की मन थोडा वेळ गप्प बसतं. असे तीन-चार दिवस गेले.

आणि एका दुपारी गुलाबी पताका आली.

पताकेवर नाव होतं, टेगन. ती मजकुराच्या सुरुवातीला उभी राहिली, मग हळूहळू खाली सरकली, नेरिडानं नुकत्याच पुसलेल्या एका शेऱ्याच्या जागेशी थांबली आणि तिथेच लुकलुकत राहिली. टेगनची रीत अगदी हीच. कॉमाकाकूनं काय हलवलंय ते येऊन बघायचं.

नेरिडानं लॅपटॉप मिटला आणि मागच्या दारानं बाहेर आली. रसेल नळाखाली फ्लॅटहेड मासे साफ करत होता.

“टेगन आली आहे,” ती म्हणाली.

रसेलनं वर पाहिलं. बायकोचा चेहरा त्याला नीट दिसला नसावा, कारण तो म्हणाला, “मग चहा विचार की तिला. आणि भूत असेल तर शुद्धलेखन तपासून घे त्याचं.”

“रस!”

तेव्हा त्यानं सुरी खाली ठेवली. आत येऊन त्यानं स्वतः लॅपटॉप उघडला. पताका अजून तिथेच होती. त्याच्या डोळ्यांदेखत ती दोन ओळी खाली सरकली. मोरीशी जाऊन त्यानं हात धुतले, पुसले आणि पुन्हा धुतले.

“कुणाचा तरी चावटपणा आहे,” शेवटी म्हणाला. पण त्या रात्री तो मागचं दार लावायला दोनदा उठला.

पताका मग रोज यायला लागली, दुपारच्या चहाच्या सुमाराला. काही लिहायची नाही. नुसती समासाच्या कडेकडेनं हिंडायची. नेरिडानं काम सोडून द्यावं असं रसेलचं मत पडलं. पण नेरिडा हट्टाला पेटली होती. भीती वाटत होती हे खरं, पण पताका आलीच नाही तर काय, ही भीती त्याहून मोठी होती. दवाखान्यात तिचं लक्ष लागेना. दाढ दुखणाऱ्या एका म्हाताऱ्याला तिनं पुढच्या वर्षीची वेळ दिली.

एक दिवस पताका समोर असतानाच तिनं धीर करून एका शेऱ्याची खूण दाबली. शेरा नाहीसा झाला. पताका थरथरल्यासारखी वर-खाली झाली, आणि मजकुराच्या मधोमध, आयव्हरच्या तोंडच्या वाक्यात, एक अक्षर उमटलं. मग दुसरं.

‘नको’.

नेरिडाला खुर्चीतून उठावंसं वाटत होतं. पण तिनं खाली लिहिलं, “कोण आहे?” पताका क्षणभर तशीच राहिली आणि दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यातून लवकर निघाली. कोट अंगात असतानाच तिनं कागद उघडला. शेवटच्या वाक्याच्या बऱ्याच खाली कुणीतरी लिहून ठेवलं होतं.

“तू कोण आहेस. तिची बोलणी का पूसतेस. रोज थोडी कमी होतात. माझ्याकडे ती एवढीच राहीली आहेत.”

सवयीनं नेरिडाचं बोट त्या दोन चुकांकडे गेलं, आणि तिथेच थांबलं. मग एकदम तिला सगळं दिसलं. दुसऱ्या एका घरात, टेगनच्या यंत्रासमोर कुणीतरी बसलं होतं. नेरिडाच्या लेखी समासातली थट्टामस्करी म्हणजे मिटवायचे शेरे. त्या माणसाच्या लेखी ती टेगन होती. तो रोज येऊन बघत होता, आणि रोज कुणीतरी अदृश्य हात टेगनला थोडी थोडी पुसून टाकत होता. तिला त्याची भीती वाटली होती, तशीच त्याला तिची वाटली असणार. किंबहुना जास्तच.

तिनं लिहिलं, “मी तिची कॉमाकाकू. माझं नाव नेरिडा. मला माहीत नव्हतं. काहीही कायमचं गेलेलं नाही. सगळं परत आणता येतं.” आणि खाली आपला फोन नंबर दिला.

फोन वाजला तेव्हा बाहेर अंधारून यायला लागलं होतं.

“डॉहर्टी,” पलीकडून जाड आवाज आला. “क्लॅरी डॉहर्टी. तू ती काकू?”

“हो.”

मग तो म्हणाला, “मला वाटायचं, तुला तिनं मनानंच रचलंय. त्या गोदीतल्या माणसांसारखं.”

“मी खरी आहे, मिस्टर डॉहर्टी. तुम्हाला एवढा त्रास झाला—”

“‘तुम्ही’ काय म्हणतेस? मी काय खाणीचा मॅनेजर आहे? क्लॅरी म्हण. आणि ते परत कसं आणायचं ते मला फोनवर सांगू नकोस, मला जमायचं नाही. तू ये.”

शनिवारी नेरिडा गेली. रसेल बरोबर येतो म्हणत होता, तिनं नको म्हटलं. घरून निघताना तिनं शिंपल्यांचं सारण भरून भाजलेला स्कॅलप पाय फडक्यात बांधून घेतला. रोझबेरीच्या पुढे पाऊस लागला आणि क्वीन्सटाऊनच्या वळणांवर तर धुकं इतकं, की बोडके गुलाबी डोंगर एकदम अंगावर आल्यासारखे समोर उभे राहिले. प्रत्येक वळणाला तिच्या मनात येत होतं, हेच का ते? शेवटी तिनं वळणांकडे बघायचंच बंद केलं, फक्त पांढऱ्या रेघेकडे बघत राहिली.

क्लॅरी लहानखुरा होता. खाणीत ड्रिलच्या आवाजानं एक कान गेलेला, म्हणून मान सतत थोडी वाकडी. घर गारठलेलं होतं, पण टेगनच्या खोलीत हीटर भडकलेला.

“यंत्रासाठी,” तो म्हणाला. “थंडीनं बंद पडलं तर? मला तिचा परवलीचा शब्द माहीत नाही. ती गेली तेव्हा जसं चालू होतं तसंच ठेवलंय. त्या खुर्चीवर नको बसूस, ती डावीकडे कलते. ही घे.”

नेरिडा बसली. भिंतीवर त्या मालिकेचं एक पिवळं पडलेलं चित्र, खिडकीत लाल मातीचे बूट. टेबलावर एक फोटो होता. रुंद चेहऱ्याची, केस विस्कटलेली बाई, डोळे उन्हानं मिटलेले. नेरिडानं तो बघितला आणि मग कामाकडे वळली.

मिटवलेले सगळे शेरे, नऊ वर्षांतलेसुद्धा, एका बाजूला जपून ठेवलेले असतात. तिनं ते उघडले आणि एकेक पुन्हा समासात आणायला सुरुवात केली. तिसरा हात आला. दिवा आला. मोडलेला साखरपुडा आला. क्लॅरी जवळ सरकला आणि परत आलेल्या प्रत्येक शेऱ्यावर त्यानं काचेवरून बोट टेकवलं, जसं कुणी मेंढरं आत घेताना त्यांच्या पाठीला हात लावतं.

“वाच,” तो म्हणाला. “माझे डोळे आता धड नाहीत. मोठी अक्षरं करून रोज दोन-तीनच वाचतो मी. तू वाच.”

नेरिडा वाचायला लागली. स्वतःचं साध्या आवाजात आणि टेगनचं त्या खर्जातल्या, संथ आवाजात, जसं नऊ वर्षं तिला ऐकू यायचं तसं. क्लॅरी हसला. मग पुन्हा हसला. मध्येच त्यानं तिला थांबवलं.

“हे ‘पाय आधी, डोकं मागाहून’ कुणी म्हटलं? कर्णधारानं?”

“हो. तो नेहमी म्हणतो. दारातून शिरताना.”

“ते माझं आहे,” क्लॅरी म्हणाला. “पाळीवर जाताना खाणीत उतरायच्या पिंजऱ्यात शिरायचो ना आम्ही, तेव्हा मी पोरांना सांगायचो. टवळीनं चोरलं.” त्यानं नाक ओढलं. “पण तू वाचतेस तसं ती बोलायची नाही.”

“कशी बोलायची?”

“भराभर. शब्दाची शेपटी गिळायची. आणि स्वतःच्या विनोदाला आधी स्वतःच हसायची. थांब, माझ्याकडे आहे.”

नेरिडाला नको म्हणता आलं असतं. पण तोवर त्यानं खिशातून फोन काढला होता. दोन हिवाळ्यांपूर्वीचा निरोप त्यानं जपून ठेवला होता. पातळ, उंच, पोरसवदा आवाज, घाईत असलेला. “बाबा, पाव मी आणते, तू निघू नकोस, रस्ता निसरडा आहे, आणि ऐक, मर्टलच्या बोक्यानं काय केलंय सांगू?” आणि पुढे नुसतं हसणं, बोक्यानं काय केलं ते न सांगताच संपणारं.

क्लॅरीनं तो पुन्हा लावला. नेरिडा हात मांडीवर घट्ट धरून बसली. हे कोण परकं माणूस बोलतंय, असं तिला झालं. आणि त्याच वेळी तिच्या लक्षात आलं की तो दुसरा आवाज, खर्जातला, आता काही केल्या आठवत नाही. ती आत शोधत गेली, पण तिथे कुणी नव्हतं. टेगन गेल्याचं पेपरात वाचलं तेव्हा ती रडली नव्हती. आता क्लॅरीच्या समोर, त्या तापलेल्या खोलीत, तिला रडू फुटलं. म्हाताऱ्यानं तिला हातरुमाल दिला आणि स्कॅलप पाय कापायला स्वयंपाकघरात निघून गेला.

खाऊन झाल्यावर तो म्हणाला, “दार उघडल्यावर पुढे काय होतं? ती पोरगी आत येते की नाही? मी किती दिवस त्याच वाक्याशी जाऊन उभा राहतोय.”

“मला नाही सांगितलं तिनं.”

“मग तू लिही. तुला तिची रीत माहीत आहे.”

“मी लिहीत नाही, क्लॅरी. मी दुसऱ्यानं लिहिलेलं नीट करते.”

क्लॅरीनं मान हलवली. “बरोबर. मीसुद्धा जन्मभर दुसऱ्यानं खणलेल्या बोगद्यांना टेकूच दिले. स्वतः एक हातभर खणलं नाही. ज्याचं त्याचं काम.” ताटली बाजूला सारून म्हणाला, “मग आहे तसंच जाऊ दे. पण ही बाजूची बोलणी हलवायची नाहीत.”

नेरिडानं मूळ कागदाची एक वेगळी प्रत केली. समास तिकडेच राहिला, नुसता मजकूर इकडे घेतला. तो साइटवर चिकटवताच नेहमीप्रमाणे सगळी तिरकी अक्षरं सरळ झाली आणि परिच्छेद एकमेकांना चिकटले. ती एकेक सोडवत बसली. दोन प्रसंगांच्या मधे तीन चांदण्या, मनातलं बोलणं तिरकं. क्लॅरी बघत होता.

“हे तिरकं कशाला?”

“तिरकं म्हणजे माणूस मोठ्यानं बोलत नाही, मनात म्हणतोय.”

“मग हे सगळंच तिरकं करायला हवं,” क्लॅरी म्हणाला.

वर लेखिकेची टीप लागते. नेरिडानं काहीतरी बरं लिहावं म्हणून शब्द जुळवायला घेतले, क्लॅरीनं ते ऐकले आणि नाकारले. मग त्यानंच सांगितलं. “हे टेगन डॉहर्टीनं लिहिलं. पुढचं लिहायला ती राहिली नाही. तिचा बाप.” शेवटचा कॉमा पुसायचा का, असं नेरिडानं त्याला विचारलं नाही. तिनं तो ठेवला. बटण क्लॅरीनं दाबलं.

पहिले दोन दिवस त्या भागाखाली एकही शब्द आला नाही. मग आले ते थांबेचनात. कुठली कुठली माणसं होती, फिजीतली एक नर्स, फिनलंडचा कुणी बसचालक. ‘जिवंत आहेस ना’ असं लिहिणाऱ्यानं ती ओळ पुसून टाकण्याची इतकी विनवणी केली की शेवटी नेरिडानं पुसली. आणि महिन्याभरात लोक शेवट लिहायला लागले. एकाच्या गोष्टीत टॅम्सिन आत यायची, एकीच्या गोष्टीत आयव्हरच बाहेर उडी घ्यायचा, एकीनं दारापलीकडे समुद्र आणून ठेवला. ते सगळे शेवट तपासायला नेरिडाकडेच आले. तिनं सगळे नीट केले. डोळ्यांचे रंग बघितले, अवतरणं बंद केली. कुठला आवडला असं कुणी विचारलं तर उत्तर द्यायची नाही.

दुपारी मूळ कागद उघडला की गुलाबी पताका असायची. आता कोण आहे ते तिला पक्कं माहीत होतं. तरी नावावर नजर पडली की पहिल्या क्षणी टेगनच आल्यासारखं वाटायचं. ती त्याला काही लिहायची नाही, तोही नाही. थोडा वेळ दोघं त्याच पानावर असायचे आणि मग एकेक करून निघून जायचे.

पुढच्या हिवाळ्यात एका वादळात क्वीन्सटाऊनची वीज गेली आणि ते यंत्र बंद पडलं ते पुन्हा उघडलंच नाही. क्लॅरीनं फोन केला तेव्हा नेरिडा हळहळली. पण तोच म्हणाला, “जाऊ दे. हीटरचं बिल तरी वाचलं. तुझ्याकडे आहे ना सगळं? मग तू मला वाचून दाखव.”

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी ती त्याला समास वाचून दाखवते. एक शेरा, त्यावरचं उत्तर, त्यावरचं उत्तर. तो पलीकडे चहा पितो, मध्येच म्हणतो, “ते बोक्याचं पुन्हा.” बोक्याचं पुढे काय झालं ते समासात कुठेतरी सापडलं होतं.

मध्यंतरी एकदा वाचता वाचता पलीकडून काहीच आवाज येईना. नेरिडाला वाटलं फोन तुटला.

“क्लॅरी?”

“आहे,” तो म्हणाला. त्याचा आवाज चमत्कारिक झाला होता. “तू शेपट्या गिळायला लागलीस.”

“काय?”

“शब्दांच्या. मघापासून. आणि आत्ता तू आधी हसलीस, विनोद मागून आला.”

नेरिडानं मागे वळून पाहिलं. रसेल दारात ओला कोट हातात घेऊन उभा होता. कधीपासून उभा होता कोण जाणे. तो तिच्याकडे बघत होता, घरात कुणी पाहुणा आलाय आणि ओळख करून द्यायची राहिली आहे, अशा नजरेनं.

“थांबू का मी?” तिनं फोनमध्ये विचारलं.

“छे, छे,” क्लॅरी घाईघाईनं म्हणाला. “थांबू नकोस. वाच तू.”

नेरिडानं चष्मा पुसला, पडद्यावर पुढचा शेरा आणला आणि वाचायला लागली.